कूलर बंद केल्यावर

मेडिकलवाल्यांनी सांगितलं, आता घरीच ठेवा.
म्हणून तांडापेठेतल्या पुढच्या खोलीत बाबांची खाट,
खिडकीत मीच बनवलेला कूलर:
तीन फुटी पत्रा, खसाची नवी ताटी, जुनी मोटर.
मे महिना. रात्री दोनलाही भिंतीला हात लावला की चटका.

बाबा ठार बहिरे.
एकतीस वर्षं एम्प्रेसच्या विव्हिंग खात्यात,
चार मागांच्या मधे उभं राहून
कान त्यांनी तिथंच जमा केले,
पगारातून कापल्यासारखे, थोडे थोडे.
मिल बंद झाली. जागेवर मॉल आला.
कान काही कोणी परत केले नाहीत.

घरात आम्ही हातांनीच बोलायचो,
खात्यातलीच ती भाषा:
दोन बोटं ओठांशी, चहा.
मनगट फिरवलं, धागा तुटला.
तळहात छातीवर, जॉबर येऊन राहिला, जपून.
आम्हा भावंडांना ती मराठीच्या आधी आली असेल.

शेवटच्या आठवड्यात बोटं चादरीवर चालू लागली.
चिमटीत काहीतरी धरायची, वळायची, ओढायची.
इंजेक्शन द्यायला यायच्या त्या प्रफुल्ला सिस्टर, उमरेडच्या,
म्हणाल्या, सगळेच करतात हो दादा,
माझ्या आजीनं दोन दिवस हवेत भाकरी थापली.
डॉक्टर म्हणाले, मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो.
असेल.
मी रोज पंप उघडतो, कमी पडणं मला कळतं.
कोरडा पंप घरघरतो.
तो कोणाला हाक नाही मारत.

गुरुवारी ते कोपऱ्याकडे वळले,
जिथं फक्त गॅसचं सिलिंडर आणि आईची शिलाई मशीन.
दोन बोटं ओठांशी नेली.
मग थांबले. मान हलवली, हसले,
तळहात छातीवर ठेवला.
आता, त्या भाषेत
समोरच्यानं मधे काही म्हटल्याशिवाय
असं थांबून कोणी हसत नाही.
बहीण म्हणाली, दिगांबरकाका असतील.
दिगांबर निपाने, शेजारच्या मागावरचे,
चौऱ्याण्णवला गेले.
मी काही बोललो नाही. सिलिंडर मात्र तिथून हलवलं.

मग पहाटे, पावणेचार.
"कूलर बंद कर बे," बाबा म्हणाले, तोंडानं, स्पष्ट.
"काही आयकू नाही येऊन राहिलं."
माझ्या लग्नातला बँड
या माणसानं नुसता पाहिला होता.
मी उठलो. बटण दाबलं.

कूलर बंद झाला की आधी पंखा थांबतो,
ताटीतून थेंब पडत राहतात,
मग तेही नाही.
गल्लीत एकही माग नाही, आता कोणाकडेच नाही.
बाबा ऐकत होते.
डोळे उघडे, मान जराशी तिरपी,
भोंग्याच्या आधी असायची तशी.
मीही ऐकलं, सगळा जीव कानात आणून.
इतवारी स्टेशनाकडून मालगाडी. एक कुत्रं.
माझ्या मानेवरून घाम उतरला, तेवढा ऐकू आला म्हणायचा.
"येऊन राहिलो," ते म्हणाले,
माझ्याशी नाही.

सकाळी चादर काढताना
किनारीच्या सुट्या दशांना अकरा गाठी.
विणकराची गाठ, बारीक, फणीत न अडकणारी.
दिवाळीपासून त्यांच्या हातात चमचा राहत नव्हता.
बहीण म्हणते, आधीच्या असतील.
प्रफुल्ला सिस्टरनी मोजल्या, आणि नीट घडी घालून दिली.
चादर कपाटात आहे.
धुतलेली नाही. का, ते विचारू नका.

सीझनमध्ये दिवसाला आठ-नऊ कूलर बघतो मी,
धंतोली, खामला, पार मानकापूरपर्यंत.
बटण बंद करतो,
आणि पत्रा उघडण्याआधी जरासा उभा राहतो.
काय झालं, गिऱ्हाईक विचारतं.
काही नाही, म्हणतो मी,
थेंब थांबू द्या.